पाचगणीच्या निवासी शाळा आणि परीक्षेबाहेरचे तास

महाबळेश्वरच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर असलेल्या पाचगणीत पाऊस महाबळेश्वरच्या मानाने बराच कमी पडतो, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकाराने दांडेघर, खिंगर, गोडवली, आंब्रळ व तायघाट या गावांच्या परिसरात बाराही महिने राहण्याजोगी वसाहत उभी राहिली. कोरडी, थंड हवा क्षयाच्या रुग्णाला मानवते तशी वाढत्या वयालाही मानवते, हा त्या काळाचा दृढ समज असल्यामुळे आरोग्यधामे आणि शाळा येथे जवळजवळ एकाच युक्तिवादावर वाढल्या.

या शाळा मात्र समाजागणिक निघाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट जोसेफ कॉन्व्हेंट व किमिन्स, पुढे युरोपीय मुलांसाठी सेंट पीटर्स, पारशी समाजाची पुढे बिलिमोरिया नावाने ओळखली गेलेली शाळा, 1922 मध्ये निघालेले व आज संजीवन विद्यालय म्हणून परिचित असलेले हिंदू हायस्कूल आणि 1945 मध्ये बहाई समाजाने स्थापन केलेली न्यू एरा, अशी ही मालिका आहे. एकाच टेकडीवर इतक्या निरनिराळ्या जगांची मुले वाढत होती, तरी शिक्षण संपताना त्यांची कसोटी बहुधा एकाच जातीची असे: इंग्रजी वळणाच्या शाळांची नजर केम्ब्रिजच्या परीक्षेवर, तर देशी शाळांची मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकवर.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास विचाराच्या दोन पद्धतींमध्ये फरक केला. दिलेल्या माहितीतून एकाच अचूक उत्तराकडे जाणारा तो अभिसारी विचार, आणि एकाच प्रश्नातून अनेक, प्रसंगी अनपेक्षित, शक्यता काढणारा तो अपसारी विचार. सर्जनशीलतेचा संबंध त्यांनी मुख्यतः दुसऱ्याशी जोडला. या भेदाच्या उजेडात पाहिले असता परीक्षेने पहिल्या पद्धतीला इनाम दिले आणि दुसरीला फारशी जागा दिली नाही, हे स्पष्ट दिसते; परंतु निवासी शाळेत अभ्यासाचा तास संपल्यावर मूल घरी जात नाही, आणि संध्याकाळ, सुट्टीचा दिवस, गायनवादन, नाटक व ‘हाऊस’, म्हणजे सर्व इयत्तांच्या मुलांचे स्पर्धेसाठी केलेले गट, यांत जे घडते ते कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही. झांझिबारमध्ये 1946 मध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा सेंट पीटर्समध्ये पियानो शिकला आणि बारा-तेराव्या वर्षी मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद चालवू लागला. त्यात मुख्यतः परदेशी गाण्यांचे अनुकरण होते, आणि किशोरवयातील सर्जनाचा आरंभ बहुतेकदा अनुकरणातच होतो, ही गोष्ट त्याच्या पुढील काळातील फ्रेडी मर्क्युरी या नावाच्या झगमगाटात विसरली जाते. एका विद्यार्थ्याच्या यशावरून शाळेची पद्धत सिद्ध होत नाही, हे मात्र मान्य करावे लागते. ‘तारे जमीन पर’ (2007) या चित्रपटातील निवासी शाळेची दृश्ये न्यू एरामध्ये चित्रित झाली, आणि चित्रपटाच्या कथेत वर्गाने मंद ठरवलेल्या मुलाला चित्रकलेच्या वाटेने वाचता येऊ लागते.

पाचगणीतला हा मोकळा वेळ मात्र फी भरू शकणाऱ्या घरांची सोय होती. त्याच सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत गरीब मुले, जातिभेद न पाळता, एकत्र राहत, आणि त्यांचे अभ्यासाबाहेरचे तास शेतात, स्वयंपाकात व बांधकामात जात. हाताने काम करताना येणाऱ्या अडचणीला पुस्तकात उत्तर नसते, ते शोधावे लागते; त्यामुळे या मुलांनाही अपसारी विचाराचा सराव झाला असावा, फक्त त्याचे माध्यम पियानो नसून कुदळ होते. साताऱ्यातील महाराजा सयाजीराव हायस्कूलात 1940 पासून ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर शिकणारी मुले आणि पाचगणीच्या हिंदू हायस्कूलातील मुले यांच्यापुढे मॅट्रिकचे प्रश्न एकच होते.