तीनचाकीला सामावून घेणारे फिरते घर
मोटरसायकल ट्राइक नेता येईल असा कॅम्पर ट्रेलर निवडताना

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात स्टर्जिस नावाचे छोटे गाव आहे. तेथे १९३८ पासून ऑगस्ट महिन्यात मोटरसायकलस्वारांचा मेळा भरतो. या मेळ्याला येणारा प्रत्येक जण शेकडो मैल खोगिरावर बसून येतो, असे मात्र नाही. अनेक जण आपली मोटरसायकल फिरत्या घरात चढवून आणतात, मुक्कामी पोहोचल्यावर ती खाली उतरवतात आणि मग परिसरात भटकतात. अशांमध्ये ट्राइक, म्हणजे तीन चाकांची मोटरसायकल वापरणारेही असतात. वय वाढले, गुडघे कुरकुरू लागले, सिग्नलला जड गाडी पायावर तोलून धरणे कठीण झाले, तरी स्वारीची हौस ओसरत नाही. ट्राइक ही हौस टिकवते. पण ती वाहून नेणारा कॅम्पर ट्रेलर निवडताना दुचाकीचा हिशेब लावला, तर तो चुकतो आणि ही चूक भर महामार्गावर जिवावर बेतू शकते.

ट्राइकचे दोन प्रकार

ट्राइक म्हटले की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर रिक्षा येईल. चाकांची मांडणी पाहता ही तुलना अगदीच चुकीची नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या ‘ट्राय ग्लाइड’मध्ये रिक्षाप्रमाणेच पुढे एक आणि मागे दोन चाके असतात. याच कंपनीची ‘सर्व्ही-कार’ ही तीनचाकी १९३२ ते १९७३ या काळात तयार होत होती. ‘ट्राय ग्लाइड’ २००९ च्या मॉडेल वर्षापासून बाजारात आली. होंडाच्या ‘गोल्ड विंग’ला मागे दोन चाके बसवून घेणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. दुसऱ्या प्रकारात मांडणी नेमकी उलटी, म्हणजे पुढे दोन व मागे एक चाक असते. कॅनडाच्या बीआरपी कंपनीने २००७ मध्ये आणलेली ‘कॅन-अॅम स्पायडर’ या प्रकारातील.

ट्रेलरच्या दृष्टीने आकडे महत्त्वाचे. ‘ट्राय ग्लाइड अल्ट्रा’ इंधनासह सुमारे ५६५ किलो भरते. तिची लांबी सुमारे २.६७ मीटर व रुंदी सुमारे १.४ मीटर असते. ‘स्पायडर आरटी’ वजनाने हलकी, पण रुंदीला दीड मीटरहून अधिक असते. अमेरिकेतील नेहमीच्या पिकअप ट्रकच्या हौद्यात दोन्ही बाजूंच्या चाककमानींमधील अंतर साधारण सव्वा मीटर असते. साहजिकच मोटरसायकल ट्रकच्या हौद्यात आणि मागे साधा कॅम्पर, हा दुचाकीस्वारांचा सोपा तोडगा ट्राइकवाल्यांना लागू पडत नाही.

उपलब्ध पर्याय

या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे ‘टॉय हॉलर’. या ट्रेलरची मागील भिंत खाली उघडते आणि तिचाच रॅम्प होतो. आतील मागचा भाग प्रवासात गॅरेज असतो. वाहन उतरवल्यावर तेथे घडीचे पलंग उघडतात. साध्या टॉय हॉलरमध्ये गॅरेज व निवास एकाच दालनात असतात.

‘फिफ्थ व्हील’ हा त्याचा मोठा भाऊ. त्याची जोडणी ट्रकच्या मागे नसून हौद्यात, मागील आसाच्या वर असते. त्यामुळे तो रस्त्यावर अधिक स्थिर चालतो. त्याच्या अनेक नमुन्यांत गॅरेजला स्वतंत्र भिंत व दार असते. मात्र त्यासाठी मोठा ट्रक लागतो आणि खर्चही त्याच मानाने वाढतो.

तिसरा प्रकार घडीच्या कॅम्परचा. त्याच्या पुढील भागात वाहन ठेवण्यासाठी उघडा मंच असतो. हा प्रकार हलका व स्वस्त असला, तरी असे मंच प्रामुख्याने चारचाकी एटीव्हीसारख्या लहान वाहनांसाठी बनवलेले असतात. पाच-साडेपाचशे किलोंची ट्राइक त्यावर चढवण्याआधी मंचाची अधिकृत क्षमता पाहणे अत्यावश्यक आहे. बंदिस्त मालवाहू ट्रेलरमध्ये पलंग व ओटा बसवून घेणे हा चौथा मार्ग. हाताने काम करण्याची आवड असलेल्यांना तो मानवतो.

तिसरे चाक आणि रॅम्प

मोटार चढवण्यासाठी वापरतात त्या दोन सुट्या पट्ट्या ट्राइकला चालत नाहीत, कारण मधल्या चाकाखाली काहीच उरत नाही. तिला पूर्ण रुंदीचा, सलग रॅम्पच हवा. ट्रेलरची जमीन ७५ सेंटीमीटर उंच आणि रॅम्प २.१ मीटर लांब असेल, तर चढ सुमारे २१ अंशांचा होतो. ट्राइकचे पोट जमिनीपासून फार उंच नसते. त्यामुळे रॅम्प जेथे संपतो त्या कडेवर ते घासण्याची वा अडकण्याची भीती असते. रॅम्प लांब असणे किंवा त्याच्या टोकाला जोडपट्टी असणे म्हणूनच उपयोगी ठरते. रॅम्पची क्षमता पाहताना ट्राइकच्या वजनात स्वाराचे वजनही मिळवावे लागते. चढवण्यासाठी विंच बसवून घेतल्यास स्वाराला वर बसावेच लागत नाही आणि वयस्कर व्यक्तीला तेच अधिक सुरक्षित असते.

आतील जागा मोजताना जाहिरातीतील ट्रेलरची लांबी गृहीत धरू नये. रॅम्पच्या कडेपासून पहिल्या पक्क्या कपाटापर्यंत किंवा ओट्यापर्यंतचे अंतर हीच खरी लांबी. रुंदीही सर्वांत अरुंद ठिकाणी मोजावी. ट्राइक आत गेल्यावर पट्टे बांधण्यासाठी माणसाला तिच्या बाजूने वाकता आले पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे.

वजनाचा हिशेब

सामानासह भरलेल्या ट्रेलरचे, जोडणीवरील भार धरून, एकूण वजन जास्तीत जास्त किती असावे, ही मर्यादा निर्माता ठरवून देतो. तिला ‘जीव्हीडब्ल्यूआर’ म्हणतात. तिच्यातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केले की सामानासाठी उरलेली क्षमता मिळते. २००८ पासून अमेरिकेत अशा नव्या ट्रेलरवर ही क्षमता दाखवणारे लेबल लावणे बंधनकारक आहे. माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा त्या विशिष्ट ट्रेलरवरील लेबलावर विश्वास ठेवावा, कारण वातानुकूलन, जनरेटर अशा वाढीव सोयी ही क्षमता कमी करतात.

एक उदाहरण पाहू. रिकाम्या ट्रेलरचे वजन २,७०० किलो व मर्यादा ३,८५० किलो असल्यास १,१५० किलो उरतात. त्यातील ५६५ ट्राइकचे. पाण्याची १०० गॅलनची टाकी भरली तर ३७८ किलो गेले. वाहनांसाठी २० गॅलन पेट्रोल घेतले तर आणखी सुमारे ५५. उरले दीडशे किलो. त्यातच कपडे, भांडी, धान्य, खुर्च्या आणि अवजारे बसवायची आहेत. ट्राइकसाठी जागा मुबलक, पण वजनाला वाव नाही, अशी स्थिती अनेक ट्रेलरांची असते.

भार कोठे पडतो?

एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे झाले, असेही नाही. ते ट्रेलरच्या कोणत्या भागात पडते, यावर सारे अवलंबून असते. नेहमीच्या जोडणीच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे जोडणीवर, म्हणजेच ओढणाऱ्या वाहनावर पडावा लागतो. फिफ्थ व्हीलमध्ये हे प्रमाण १५ ते २५ टक्के असते. जोडणीवरील भार फार कमी झाला, तर ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते. वेग अधिक असेल वा शेजारून मोठा ट्रक गेला, तर हे हेलकावे वाढत जाऊन ओढणारे वाहनही उलटू शकते.

वरच्याच ट्रेलरचा जोडणीवरील भार रिकामा असताना ४०० किलो, म्हणजे जवळपास १५ टक्के आहे आणि जोडणीपासून आसापर्यंतचे अंतर पाच मीटर आहे, असे समजू. ट्राइकचा गुरुत्वमध्य आसाच्या दोन मीटर मागे आला, तर तरफेच्या साध्या नियमाने जोडणीवरील भार २२६ किलोंनी घटतो. उरतात १७४, म्हणजे एकूण वजनाच्या जेमतेम सव्वापाच टक्के. तीच ट्राइक आसाच्या केवळ अर्धा मीटर मागे असेल, तर भार सुमारे ३४३ किलो, म्हणजे साडेदहा टक्के राहतो. ट्रेलर तेवढाच, ट्राइक तीच. बदलली ती फक्त जागा. म्हणूनच आस बरेच मागे असलेला आणि वाहन अधिकाधिक पुढे घेता येईल असा आराखडा ट्राइकला योग्य. ‘ट्राय ग्लाइड’सारख्या ट्राइकचा जड भाग मागील दोन चाकांकडे असल्याने ती उलटी, तर ‘स्पायडर’ सरळ चढवल्यास जड बाजू पुढे येते.

बांधणी हा यातलाच भाग. पट्ट्यांच्या कड्या लाकडी जमिनीत नव्हे, तर खालच्या लोखंडी सांगाड्यात बसवलेल्या असाव्यात. पट्टे तिन्ही चाकांवरून घेणे उत्तम. धावत्या ट्रेलरमध्ये ट्राइक मागे सरकली, तर सगळा हिशेब उलटतो.

ओढणारे वाहन

ट्रक अमुक वजन ओढतो, ही जाहिरात पुरेशी नाही. जोडणीवर पडणारा भार, प्रवासी आणि ट्रकमधील सामान या सर्वांची बेरीज ट्रकच्या स्वतःच्या भारक्षमतेत बसली पाहिजे. बहुतेक वेळा ओढण्याच्या मर्यादेआधी हीच मर्यादा संपते. ट्रेलरच्या ब्रेकचे नियंत्रक आणि भार दोन्ही आसांवर विभागणारी जोडणी या वजनाला आवश्यक मानावी. राज्याराज्यांचे नियमही वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आहे.

पेट्रोलच्या शेजारी झोप

एकाच दालनाच्या ट्रेलरमध्ये दिवसा जेथे ट्राइक असते, तेथेच रात्री पलंग उघडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. शेगडी व तापकाची ज्योत ठिणगीचे काम करते. ट्राइक आत असताना तेथे झोपू नये, उतरवल्यावर दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी आणि बंद ट्रेलरमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड व गॅसगळती सांगणारी यंत्रे चालू आहेत ना, हे प्रत्येक प्रवासाआधी पाहावे. पावसात ट्राइक आतच ठेवावी लागणार असेल, तर स्वतंत्र गॅरेजवर केलेला खर्च वाया जात नाही.

खरेदीपूर्वी

* ट्राइकची लांबी, रुंदी, उंची आरसे व सामानपेटीसह स्वतः मोजावी.
* ट्रेलरवरील क्षमतेच्या लेबलातून ट्राइक, पाणी व इंधन वजा करावे. दोघांच्या सामानाला किमान दोन-अडीचशे किलो उरावेत.
* रॅम्प, जमीन आणि कड्या यांची क्षमता लेखी मागावी.
* शक्य तर विक्रेत्याच्या आवारात आपली ट्राइक प्रत्यक्ष चढवून, बांधून पाहावी.
* भरलेला ट्रेलर ट्रक थांब्यावरील काट्यावर तोलावा. जोडणीवरील भार ट्राइकसह आणि ट्राइकविना असा दोनदा मोजावा.

शेवटचा मुद्दा अनेक जण टाळतात. मेळ्याहून परतताना ट्राइक चालवत आणली आणि ट्रेलर रिकामा आला, तर जोडणीवरील भार पुन्हा वाढतो. जाताना आणि येताना, दोन्ही वेळी ज्याचा तोल साधतो, तोच ट्रेलर ट्राइकसाठी योग्य समजावा.