मोठी मजकूर-फाइल डेटाबेसमध्ये घेताना : चुका, कारणे आणि उपाय

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमाराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. २०११ च्या जनगणनेत अविभाजित जिल्ह्याची लोकसंख्या २७,४१,२३९ होती. समजा, माणशी एक ओळ अशी जुन्या जिल्ह्याची यादी मजकूर-फाइलीच्या रूपात हाती आली आणि ती नव्या जिल्ह्यांनुसार लावायची आहे. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे सुमारे १७ लाख माणसे पानाबाहेर राहतात. अशा वेळी बहुधा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेस्कटॉप डेटाबेसचा आश्रय घेतला जातो. तेथे ओळींच्या संख्येला ठरावीक मर्यादा नाही, परंतु आयातीच्या चुका वेगळ्या प्रकारे समोर येतात. त्यांतील काही चुका तर संदेशही न देता होतात.

आकारमानाची मर्यादा

ॲक्सेसची एक फाइल २ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. वरील यादीसाठी हिशेब केला, तर एका नोंदीच्या वाट्याला जेमतेम ७८० बाइट येतात. ॲक्सेस रोमन अक्षर एका बाइटात दाबून बसवू शकते. तेलुगू, देवनागरी किंवा उर्दू अक्षराला मात्र दोन बाइट लागतात. नाव, वडिलांचे नाव, गाव व पत्ता मिळून २५० अक्षरे झाली तरी ५०० बाइट खर्ची पडतात. अनुक्रमणिकांची जागा वेगळीच. मर्यादा ओलांडताच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असा त्रोटक संदेश येतो. त्यातून खऱ्या कारणाचा बोध होत नाही, म्हणून प्रथम फाइलीचा आकार पाहावा. अनुक्रमणिका आयातीनंतर तयार कराव्यात, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे आणि तरीही जागा अपुरी पडल्यास यादी मंडलनिहाय तोडून स्वतंत्र डेटाबेसांत ठेवावी. काम वाढतच जाणार असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट हे विनामूल्य पर्याय आहेत.

‘फाइल शेअरिंग लॉक काउंट एक्सीडेड’ हा संदेश आकारमानाचा नसून कुलपांचा आहे. एका व्यवहारात किती कुलपे लावता येतील याची मूळ मर्यादा ९,५०० असते. लाखो ओळी एकाच आज्ञेने दुसऱ्या तक्त्यात हलवताना ती सहज संपते. रजिस्ट्रीतील ‘मॅक्स लॉक्स पर फाइल’ ही किंमत वाढवावी, किंवा ओळी टप्प्याटप्प्याने हलवाव्यात.

प्रकाराचा चुकीचा अंदाज

आयात-सहायक सुरुवातीच्या काही ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवतो. शेतजमिनीच्या यादीत आरंभी ४५, ४६, ४७ असे सर्व्हे क्रमांक असले, तर तो रकाना संख्येचा मानला जातो. पुढे ‘४५/अ’ असा पोटहिस्सा आला की ‘टाइप कन्व्हर्जन फेल्युअर’ नोंदला जातो. ओळ तक्त्यात येते, पण क्रमांकाची जागा रिकामी राहते. भावाभावांत वाटणी झालेल्या जमिनीच्या नोंदी नेमक्या अशाच असतात.

संकेतांकांचेही तसेच आहे. २०११ च्या जनगणनेतील मंडलांचे संकेतांक पाच अंकी असून आदिलाबादमधील मंडलांचे संकेतांक शून्याने सुरू होतात. रकाना संख्येचा ठरल्यास ते शून्य नाहीसे होते आणि जुन्या-नव्या जिल्ह्यांची जुळणी करताना एकही मंडल सापडत नाही. म्हणून सर्व रकाने प्रथम ‘शॉर्ट टेक्स्ट’ ठेवून एका तात्पुरत्या तक्त्यात घ्यावेत व रूपांतर नंतर करावे. ज्या रकान्यात २५५ हून अधिक अक्षरे असतील, तो ‘लाँग टेक्स्ट’ ठेवावा. अन्यथा उरलेला मजकूर कापला जातो.

तारखांबाबत विशेष दक्षता हवी. ११/१०/२०१६ हे ११ ऑक्टोबर की १० नोव्हेंबर, हे संगणक मांडणीवरून ठरवतो. ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्वतः निवडावा.

लिपी आणि चिन्हे

सीमेवरील या जिल्ह्यात तेलुगू, मराठी आणि उर्दू नावे एकाच यादीत येऊ शकतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये असताना ती विंडोजच्या जुन्या सांकेतिक पृष्ठानुसार वाचली, तर तेलुगू व देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी तीन निरर्थक चिन्हे उमटतात. त्याच खिडकीत ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ म्हणजे ६५००१ निवडल्यास दोष दूर होतो. मूळ मजकूर श्रीलिपी किंवा अनु यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असल्यास मात्र हा उपाय चालत नाही. आधी परिवर्तकाने युनिकोड करून घ्यावे लागते. पत्त्यातील स्वल्पविराम रकाने सरकवतो, तर न मिटलेले अवतरणचिन्ह पुढचा मजकूर गिळते. शक्य असल्यास टॅबने विभागलेली फाइल मागवावी.

दुबार क्रमांक

केरामेरी मंडल आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका यांच्या सीमेवरील काही गावांवर महाराष्ट्र व तेलंगणा दोन्ही राज्ये हक्क सांगतात. अशा गावांच्या दोन्हीकडील याद्या एकत्र करताना प्रत्येकीचा अनुक्रम एकपासून सुरू होत असेल, तर ‘की व्हायोलेशन’ होऊन दुसऱ्या यादीतील ओळी नाकारल्या जातात. राज्याचा संकेतांक व अनुक्रमांक मिळून संयुक्त कळ करावी. एकच व्यक्ती दोनदा आली आहे का, याचा निर्णय संगणकावर न सोपवता नावे पडताळून घ्यावा.

मोजणी

आयातीनंतर ‘इम्पोर्ट एरर्स’ नावाने शेवट होणारा तक्ता तयार झाला आहे का, ते आवर्जून पाहावे. त्यात चूक, रकाना आणि ओळ क्रमांक असतो. त्यावरून मूळ फाइलीतील जागा सापडते. तो तक्ता पुसण्यापूर्वी जपून ठेवावा. मूळ फाइलीच्या ओळी (शीर्षक-ओळ वगळून) आणि तक्त्यातील नोंदी यांची संख्या जुळली पाहिजे. शिवाय प्रत्येक मंडलाची बेरीज स्वतंत्रपणे ताडून घ्यावी, महत्त्वाच्या रकान्यांतील रिकाम्या जागाही मोजाव्यात. गळलेल्या ओळीतील माणसाला आपले नाव यादीत नाही हे फार उशिरा, बहुधा एखाद्या खिडकीसमोर उभे असताना कळते. तोवर दुरुस्तीचा आधार मूळ फाइल हाच असतो. म्हणून तिची एक प्रत कोणताही बदल न करता वेगळी राखावी.