आधी पाणी, मग औषध

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण १९६८ साली उभं राहिलं. पायथ्याशी वीजघर आलं, कोरडवाहू मुलखात ओलिताची आस लागली. नकाशे अभियंत्यांनी आखले, निर्णय सरकारने घेतले. धरणाचं काम असंच चालतं. गावाचं आरोग्य मात्र या रीतीने उभं राहत नाही, हे मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडने पुढच्या काही वर्षांत दाखवून दिलं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये तिथे आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. बरी होऊन घरी गेलेली मुलं पुन्हा त्याच आजाराने दारात येतात, हे तिथे रोज दिसत होतं. त्यामुळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी मुद्दाम दुष्काळी तालुका निवडला. पहिला दवाखाना थाटला तो गुरांच्या दवाखान्याच्या रिकाम्या इमारतीत.

लगेच दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. डॉक्टरांच्या यादीत लसीकरण, बाळंतपणं, कुष्ठरोग होता. लोकांच्या तोंडी दोनच गोष्टी होत्या: पाणी आणि धान्य.

आरोळ्यांनी आपली यादी बाजूला ठेवली. पोरांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. बोअर पाडायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील अशी व्यवस्था केली गेली. ज्यांना सार्वजनिक विहिरीवर घागर टेकवता येत नव्हती, त्यांच्याच दाराशी आता सगळ्या गावाच्या बायका रांगेत उभ्या राहू लागल्या. पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचं जाळं कामी आलं. खेळ संपला की गप्पा व्हायच्या, आणि त्या गप्पांतूनच शेतकरी मंडळं निघाली. पाठोपाठ महिला मंडळं आली.

खरा धडा पुढे होता. गावात राहायला पाठवलेल्या शिकलेल्या परिचारिका रुळेनात. त्या परक्या ठरल्या. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. निवडून आलेल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेलं होतं. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी येत. गेल्या आठवड्यात गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत, कुठे अडलं ते विचारत. पुस्तक नव्हतं, म्हणून पाठांतर, गाणी आणि प्रत्यक्ष हाताळणी यांवर भर होता. बाळंतपणाला निघताना साबणाने हात धुवायचे, नाळ कापायला निर्जंतुक पातं आणि बांधायला तसाच दोरा वापरायचा. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजायचं. गोवर म्हणजे देवीचा कोप, असं मानणाऱ्या घरात आधी सासूशी बोलायचं, मग सुनेशी. हे कौशल्य डॉक्टरांकडेही नव्हतं. ते या बायकांकडून डॉक्टर शिकले.

त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातली झगमगती झुंबरं दाखवून त्यांनी मांडलं की ती सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि विजेवाचून निरुपयोगी. हातातल्या पणतीने त्यांनी दुसरी पणती पेटवली: गावातली आरोग्यसेविका अशी असते, स्वस्त, आणि दुसरीला उजळू शकणारी.

आकडेही त्यांच्या बाजूने बोलले. १९७१ च्या सुमारास या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षभराच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्माअताच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा केला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ मध्ये केंद्र सरकारने आशा योजना आणली. साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई, ही कल्पना जामखेडच्या अनुभवाच्या फार जवळची आहे. आज जिंतूर तालुक्यातही आशाताई घरोघरी फिरतात. पण त्यांना बरंचसं मानधन कामागणिक मिळतं, आणि नोंदी व अहवाल भरण्यात त्यांचा मोठा वेळ जातो. जामखेडच्या बायका दर आठवड्याला एकत्र बसून शिकत, चुका बोलून दाखवत, परत जाऊन पुन्हा करून बघत. गावाशी बोलून बदल घडवायची ताकद त्या सरावातून आली. आशांच्या बैठकीत असा वेळ राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर गावोगाव आहेच. तिच्या सभेत पहिला अर्धा तास आशाताईने बोलावं आणि सरपंचांनी ऐकावं, इथून सुरुवात करता येईल.