परवान्यावरील शेरा व पहिला वेगमर्यादाभंग

मोटार चालविण्याच्या परवान्यावर (अनुज्ञप्तीवर) चालकाच्या अपराधाची जी अधिकृत नोंद केली जाते, तिला व्यवहारात ‘शेरा’ म्हणतात. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने वाहन चालविल्याचा पहिलाच अपराध या नोंदीत यावा की नाही, हा प्रश्न मोटारीच्या परवान्याइतकाच जुना आहे. दंडाची रक्कम भरली की दंड संपतो. शेरा मात्र परवान्याबरोबर राहतो. पुढील खटल्यात तो चालकाविरुद्ध पुढे येतो, विम्याचा हप्ता वाढवितो आणि ज्याची उपजीविकाच वाहन चालविण्यावर आहे अशा माणसाचे काम घालवू शकतो. म्हणून पहिल्या चुकीला काही सवलत असावी, ही कल्पना अनेक देशांच्या कायद्यांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळते. ती अंमलात आणताना एक अडचण सर्वत्र उद्भवली : अपराध पहिला आहे हे ओळखण्यासाठीसुद्धा कोठे तरी नोंद ठेवावीच लागते. ब्रिटनमध्ये या प्रश्नाची वाटचाल सर्वांत सलगपणे पाहावयास मिळते आणि भारतीय कायद्याचे मूळही बव्हंशी तेथेच आहे.

वेगावरील निर्बंध परवान्याहून जुने आहेत. ब्रिटिश पार्लमेंटने १८६५ मध्ये केलेल्या कायद्याने रस्त्यावरील स्वयंचलित वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल (सु. ६·५ किमी.) व वस्तीत ताशी २ मैल अशी मर्यादा घालून दिली होती आणि वाहनाच्या पुढे तांबडे निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ती केली होती. हा कायदा मुख्यतः वाफेच्या अवजड यंत्रांसाठी होता. पण पेट्रोलवरील हलक्या गाड्याही त्याच्याच कक्षेत आल्या. २८ जानेवारी १८९६ रोजी केंट परगण्यातील पॅडक वुड या गावातून वॉल्टर आर्नल्ड हा मोटारविक्रेता ताशी सु. ८ मैल वेगाने गेला. एका पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले. वेगाच्या अपराधाबद्दल त्याला १ शिलिंग दंड झाला व इतर आरोपांबद्दल त्याहून बराच अधिक. मोटारीच्या वेगाबद्दल झालेली जगातील पहिली शिक्षा म्हणून या घटनेचा निर्देश केला जातो. आर्नल्डजवळ परवाना नव्हता, कारण परवाना ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. त्यामुळे दंड भरताच प्रकरण मिटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात निशाणवाल्याची सक्ती गेली व मर्यादा ताशी १४ मैलांवर नेण्यात आली. प्रत्यक्षात शासकीय नियमाने ती १२ मैलच ठेवली गेली.

परवाना आला तो १९०३ च्या मोटारकार अधिनियमाने. १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक चालकाला परगणा परिषदेकडून ५ शिलिंग भरून परवाना घ्यावा लागू लागला. त्यासाठी कोणतीही परीक्षा नव्हती. वेगमर्यादा ताशी २० मैल (सु. ३२ किमी.) झाली. अपराध्याचा परवाना निलंबित करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला आणि दोषसिद्धीचा तपशील परवान्यावर लिहिणे बंधनकारक झाले. मात्र याच कलमात एक महत्त्वाचा अपवाद घालण्यात आला. केवळ वेगमर्यादा ओलांडल्याचा पहिला किंवा दुसरा अपराध असेल, तर निलंबनही नाही आणि शेराही नाही. अशा अपराधाला फक्त दंड होई : पहिल्या वेळी जास्तीत जास्त १० पौंड, दुसऱ्या वेळी २० व त्यानंतर ५०. याखेरीज, केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून २० मैलांची मर्यादा ओलांडल्याचा दोष शाबित मानू नये, अशीही तरतूद होती. पहिल्या चुकीला सवलत देण्याची कल्पना म्हणजे अलीकडच्या काळातील मवाळपणा, असे अनेकदा समजले जाते. ते या अधिनियमाकडे पाहता खरे ठरत नाही. परवान्यावरील शेरा आणि पहिल्या वेगमर्यादाभंगाची त्यातून सुटका या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी अंमलात आल्या.

या अपवादाची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. परवाने परगणा परिषदा देत, दंड स्थानिक दंडाधिकारी करीत, आणि सर्व देशाची मिळून अशी चालकांची नोंदवही नव्हती. पहिल्या दोन अपराधांचा शेरा परवान्यावर पडत नसल्याने, सरे परगण्यात दोनदा दंड झालेला चालक केंटमधील न्यायालयापुढे उभा राहिला, तर हा त्याचा तिसरा अपराध आहे हे परवाना पाहून कळत नसे. सवलत मोठी होती. ती संपली केव्हा हे ओळखण्याचे साधन मात्र दुबळे होते. मोटारी फार थोड्या आणि त्यांचे मालक बहुधा धनिक अशा त्या काळात याचे फारसे कोणाला वाटले नाही. पायी चालणाऱ्या आणि धूळ खाणाऱ्या ग्रामीण लोकांना ते वाटले असणार. परंतु कायद्याच्या मसुद्यावर त्यांचा प्रभाव मर्यादित होता.

पोलिसांनी याच काळात ‘वेगसापळा’ लावण्यास सुरुवात केली. रस्त्याचे ठराविक अंतर मोजून त्याच्या दोन्ही टोकांना कुंपणाआड शिपाई बसत व स्टॉपवॉचने गाडीचा वेळ मोजत. या सापळ्यांची चालकांना आगाऊ सूचना देण्यासाठी १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संघटना स्थापन झाली आणि तिचे सायकलस्वार गस्तवाले रस्त्यांवर फिरू लागले. १९१० मध्ये ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ या खटल्यात, वेगात असलेल्या चालकाला सापळ्याची सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कर्तव्यात अडथळा आणणे होय, असा निर्णय उच्च न्यायालयाने दिला. यावर संघटनेने काढलेला तोडगा मासलेवाईक होता. गस्तवाला सभासदाच्या गाडीला एरव्ही सलाम करी. सापळा जवळ असेल तेव्हा तो सलाम करीत नसे. सलाम न करणे हा गुन्हा ठरविणे कोणत्याही न्यायालयाला शक्य नव्हते.

१९३० च्या रस्ता वाहतूक अधिनियमाने खाजगी मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकली. अपघातांतील बळी वाढल्यामुळे ती १९३५ मध्ये वस्तीच्या भागांपुरती, ताशी ३० मैल (सु. ४८ किमी.) अशी परत आणावी लागली. शेऱ्याच्या दृष्टीने १९३० च्या अधिनियमातील महत्त्वाची तरतूद म्हणजे शेरा कायमचा न राहणे. सलग तीन वर्षे नवा शेरा न पडल्यास चालकाला जुना परवाना जमा करून कोरा परवाना मागण्याचा हक्क मिळाला. १९०३ चा कायदा पहिली चूक लिहितच नव्हता. नंतरचा कायदा ती लिहून कालांतराने पुसू लागला. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे, कारण त्यामुळे चुकांची मोजणी शक्य झाली. १९६२ मध्ये तीन वर्षांत तीन शेरे पडल्यास किमान सहा महिने अपात्रता, असा बेरजेचा नियम आला. १९७० नंतरच्या दशकात परवान्यांचे काम परगण्यांकडून काढून वेल्समधील स्वॉन्झी येथील मध्यवर्ती कार्यालयाकडे देण्यात आले आणि सर्व चालकांची नोंद प्रथमच एके ठिकाणी जमा होऊ लागली. १ नोव्हेंबर १९८२ पासून शेऱ्यांच्या संख्येऐवजी दंडगुण मोजले जाऊ लागले. वेगमर्यादाभंगास ३ गुण आणि तीन वर्षांत १२ गुण झाल्यास सामान्यतः सहा महिने अपात्रता, असे त्याचे स्वरूप होते. नवशिक्या चालकांसाठी १९९५ मध्ये आणखी कडक कायदा झाला व तो १९९७ पासून लागू झाला. परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ गुण पडले, तर परवानाच रद्द होतो व परीक्षा पुन्हा द्यावी लागते. अशा चालकाला पहिल्या वेगमर्यादाभंगाचे ३ गुण म्हणजे अर्धी वाट संपल्यासारखेच होय.

वेग मोजणारे कॅमेरे १९९२ पासून ब्रिटनच्या रस्त्यांवर आले. त्यांतील एक प्रसिद्ध प्रकार मॉरिस गॅटसोनिडेस या डच मोटारशर्यतपटूच्या उपकरणावरून विकसित झालेला आहे. शर्यतीत आपला वेग वाढविण्यासाठी त्याने ते मुळात तयार केले होते. कॅमेऱ्यामुळे पकडल्या जाणाऱ्यांची संख्या अतोनात वाढली आणि एरव्ही निष्कलंक परवाना असलेली सामान्य माणसेही मोठ्या प्रमाणावर त्यात सापडू लागली. या परिस्थितीतून वेगजागृती वर्गाची पद्धत रूढ झाली. मर्यादा थोडीच ओलांडणाऱ्या चालकाला (३० मैलांच्या रस्त्यावर साधारणपणे ३५ ते ४२ मैल) पोलीस दंड व गुणांऐवजी काही तासांच्या वर्गाचा पर्याय देऊ शकतात. शुल्क चालकानेच भरावयाचे असते. वर्ग पूर्ण केला की दंड नाही, गुण नाहीत आणि परवान्यावर नोंदही नाही. हा चालकाचा हक्क नसून पोलिसांच्या मर्जीचा भाग आहे, आणि तो तीन वर्षांतून एकदाच मिळतो. तो पुन्हा मिळू नये म्हणून वर्गास बसलेल्यांची एक स्वतंत्र राष्ट्रीय यादी ठेवली जाते. परवान्यावरून हटलेली नोंद अशा रीतीने दुसऱ्या वहीत जाते. काही विमा कंपन्यांनी ग्राहकांना अशा वर्गाबद्दल विचारण्यास सुरुवात केल्यावर या दुसऱ्या वहीचे महत्त्व लोकांच्या ध्यानात आले. ब्रिटिश वाहतूक खात्यासाठी केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर्गास बसलेल्यांकडून पुढील सहा महिन्यांत पुन्हा वेगमर्यादाभंग होण्याची शक्यता १२ ते २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अपघातांच्या संख्येवरील परिणाम मात्र त्यात सिद्ध होऊ शकला नाही.

नोंद टाळण्याची धडपड कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण ख्रिस ह्यून या राजकारणी पुरुषाचे आहे. २००३ मध्ये त्यांची मोटार एम ११ या मार्गावर कॅमेऱ्यात सापडली. परवाना गमावण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांच्या तत्कालीन पत्नीने आपण गाडी चालवीत होतो असे कळवून दंडगुण स्वतःवर घेतले. त्याच वर्षी वाहन चालविताना दूरध्वनी वापरल्याबद्दल ह्यून यांचा परवाना तसाही गेला. पुढे प्रकरण उघडकीस आले. तोवर मंत्री झालेल्या ह्यून यांना पद सोडावे लागले आणि मार्च २०१३ मध्ये न्यायप्रक्रियेत विपर्यास केल्याबद्दल दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाहतुकीचे कायदे राज्याराज्यांचे असल्याने पद्धतींत मोठी विविधता आहे. नॉर्थ कॅरोलायनात दोष शाबित धरूनही न्यायाधीश निकालाची अंमलबजावणी बेमुदत पुढे ढकलू शकतो. विम्यासाठी ही सवलत एका कुटुंबाला तीन वर्षांत एकदाच धरली जाते. कॅलिफोर्नियात पूर्वी वाहतूक शाळेत उपस्थित राहिल्यास आरोपच रद्द होई. १ जुलै २०११ पासून दोषसिद्धी कायम राहते, परंतु ती गोपनीय ठरते व विमा कंपनीला दिसत नाही. ही मुभा १८ महिन्यांतून एकदाच मिळते. आरोप रद्द झाल्यास सवलत किती वेळा घेतली हे समजणे कठीण, ही १९०३ मधील जुनी अडचण येथेही होती. अवजड वाहनांचा व्यावसायिक परवाना असलेल्यांना मात्र असे कोणतेही आवरण घालण्यास संघराज्याचे नियम राज्यांना मनाई करतात. रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने हे समर्थनीय आहे. तथापि शेऱ्याने ज्याचे सर्वाधिक नुकसान होते, त्यालाच सवलत नाही, असा याचा परिणाम होतो.

भारतात मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय अधिनियम १९१४ चा. त्याची जागा १९३९ च्या व नंतर १९८८ च्या अधिनियमाने घेतली. १९८८ च्या अधिनियमाचे २४ वे कलम शेऱ्यासंबंधी आहे. तीन वर्षांत पुन्हा दोषसिद्धी न झाल्यास चालकाला शेऱ्याविना नवा परवाना मिळण्याचा हक्क त्यात आहे. आणि शेरा केवळ वेगमर्यादाभंगाचा असेल, तर ही मुदत एकाच वर्षाची आहे. अपात्रतेचा काळ यात धरला जात नाही. वेगमर्यादाभंग हा इतर अपराधांहून सौम्य, हा ब्रिटिश कायद्यातील जुना विचार येथे मुदतीच्या रूपाने टिकून राहिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८३ खालील दंड हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० रुपये व मध्यम आणि अवजड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये झाला. दुसऱ्या वा पुढील अपराधाबद्दल परवाना जप्त करण्याची तरतूदही तिने केली.

व्यवहारात मात्र बहुसंख्य प्रकरणे न्यायालयापर्यंत जातच नाहीत. कलम २०० प्रमाणे तडजोड शुल्क भरले की पुढील खटला चालत नाही. दोषसिद्धी होत नसल्याने तिचा शेराही पडत नाही. पहिला दंड परवान्यावर येऊ नये यासाठी इतरत्र वर्ग, शाळा व न्यायाधीशांची मर्जी लागते, तेथे भारतात चलानाची रक्कम भरणे सामान्यतः पुरेसे होते. २०१९ च्या दुरुस्तीने एवढे स्पष्ट केले आहे, की तडजोडीमुळे परवाना जप्तीची कारवाई किंवा चालकाचे उजळणी प्रशिक्षण टळत नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत रूढ झालेल्या ई-चलान पद्धतीत कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो, चालकाचा चेहरा नव्हे. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. वाहनांची नोंद ‘वाहन’ या व परवान्यांची ‘सारथी’ या वेगळ्या संगणकीय कोशात असते. प्रत्यक्ष चालक कोण होता हे सांगण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर घातले आहे. ते विचारले गेले नाही आणि चालकाला रस्त्यात थांबवून परवाना पाहिला गेला नाही, तर पहिला व दुसरा हा हिशेब माणसाच्या नावे न होता गाडीच्या क्रमांकावर होत राहतो.