रुंद चित्र, अरुंद पडदा

एखादा चित्रपट ‘रुंद’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती रुंदी कशाची असते? निगेटिव्हची, भिंगाची, की चित्र ज्यावर पडते त्या पडद्याची? 1950च्या दशकातल्या जाहिरातींनी या तिन्ही गोष्टी एकात मिसळल्या आणि तो गोंधळ अजून निस्तरलेला नाही. माझे म्हणणे असे की रुंदी हा शेवटी दाखवण्याच्या जागेचा गुण आहे. कॅमेरा फार तर तिची तरतूद करून ठेवतो. हॉलिवूडच्या भव्य थिएटरांत हे लक्षात येत नाही. जत्रेतल्या तंबूत आणि आता औद्योगिक पट्ट्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये ते चटकन लक्षात येते.

आधी यंत्राचा भाग. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एक चित्र कडेच्या चार छिद्रांची उंची घेते आणि त्याचे रुंदी-उंचीचे प्रमाण साधारण 1.37 असते. टेलिव्हिजनमुळे प्रेक्षक घरी बसू लागल्यावर अमेरिकी स्टुडिओंनी हे प्रमाण मोडायचे ठरवले. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने फ्रेंच संशोधक आंरी क्रेत्यँ यांचे भिंग घेतले. हे भिंग दृश्य आडवे निम्मे दाबून त्याच फिल्मवर बसवते, आणि प्रोजेक्टरवरचे भिंग ते पुन्हा उलगडते. हा सिनेमास्कोप, थोडक्यात स्कोप; त्यातला पहिला चित्रपट 1953चा ‘द रोब’. प्रमाण आरंभी 2.55 होते, पुढे 2.35वर स्थिरावले. पॅरामाउंटने दुसरी वाट धरली. 1954च्या ‘व्हाइट ख्रिसमस’पासून आलेल्या व्हिस्टाव्हिजनमध्ये फिल्म आडवी धावते आणि एक चित्र आठ छिद्रे व्यापते, जवळजवळ स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यातल्या 36 × 24 मिलिमीटरइतके. हिचकॉकचे ‘व्हर्टिगो’ आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ असे चित्रित झाले. निगेटिव्ह मोठी असल्याने प्रत नेहमीच्या फिल्मवर उतरवली तरी चित्र स्वच्छ राही. मला ही दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. तिने रुंदीपेक्षा तपशिलाला मोल दिले.

मग ती आपल्याकडे का रुजली नाही? उत्तर हिशेबात आहे. सेकंदाला 24 चित्रे धरली तर साध्या किंवा स्कोप चित्रणाला मिनिटाला 90 फूट फिल्म लागते, व्हिस्टाव्हिजनला 180 फूट. कच्ची फिल्म परदेशातून येई, आणि 1957नंतर तर परकीय चलनाची टंचाई होती. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 1960मध्ये स्थापन झाली, म्हणजे तोवर देशी फिल्मचा आधारही नव्हता. स्कोपला मात्र फक्त वेगळे भिंग पुरे. फिल्म, कॅमेरा, लॅब सगळे जुनेच.

त्या भिंगाने भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मुंबईत घडला: गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, 1959. छायालेखक म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती, कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर. रुंद पडदा म्हणजे युद्धे, रथ, वाळवंट अशी समजूत असताना या चित्रपटाने ती रुंदी स्टुडिओच्या रिकाम्या जागेसाठी वापरली. गीता दत्तच्या आवाजातले प्रसिद्ध गाणे पाहावे. स्टुडिओबाहेरचे ऊन मोठ्या आरशांनी आत वळवून मूर्तींनी अंधारात प्रकाशाचा तिरपा झोत सोडला. दोन माणसे दूर उभी आहेत आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. 1.37च्या चौकटीत हे ‘काहीच नाही’ मावले नसते. दिग्दर्शकाला एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे असे कापत राहावे लागले असते. इथे रुंदी अंतर मोजायला वापरली आहे. मूर्ती आणि आचरेकर या दोघांनाही या कामासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपट तिकीटबारीवर आपटला.

आता ही चौकट फिरत्या टॉकीजच्या तंबूत आणू. समजा कापडाचा पडदा 20 फूट रुंद आहे. साधे चित्र त्यावर साडेचौदा फूट उंच पडेल. स्कोपचे जेमतेम साडेआठ फूट. म्हणजे ‘मोठ्या पडद्याचा’ म्हणून लावलेला खेळ क्षेत्रफळात साठ टक्क्यांच्याही खाली येतो. स्कोप मोठा दिसायला उंची तीच ठेवून कापड दोन्ही बाजूंना वाढवावे लागते, आणि तंबूची रुंदी खांबांनी आधीच ठरवलेली असते. ऑपरेटरने स्कोपचे भिंग चढवलेच नाही तर आणखी गंमत: पडद्यावरची सगळी माणसे उसाच्या कांड्यांसारखी उभट होतात.

दूरदर्शनने हाच प्रश्न उलट बाजूने सोडवला. 1.33च्या काचेवर स्कोप चित्रपट दोन्ही कडांनी कापला की ‘कागज के फूल’मधले ते दोघे एका चौकटीत राहतच नाहीत. कडेला काही महत्त्वाचे ठेवायचे नाही, सगळे मध्यात आणायचे, ही सवय छायालेखकांना लागली ती अशा धाकातून.

मराठीत पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून महेश कोठारे यांच्या 1990च्या ‘धडाकेबाज’चे नाव घेतले जाते. हिंदीनंतर एकतीस वर्षांनी! या रुंद चौकटीत कोठाऱ्यांनी बाटलीत मावणारा लक्ष्मीकांत बेर्डे दाखवला, हा विनोद मला अजून आवडतो. उशिराचे कारण भिंगाच्या किमतीत कमी आणि मराठी खेळ लागणाऱ्या पडद्यांत अधिक असावे, असे माझे अनुमान आहे.

डिजिटल प्रक्षेपणाने तर गणित उलटेच केले. फिल्मच्या प्रतीवर स्कोपचे चित्र, 1.37ऐवजी रूढ झालेल्या 1.85च्या साध्या चित्रापेक्षा सुमारे दीडपट जागा व्यापत असे. आजच्या टू-के मानकात साधे चित्र 1998 × 1080 बिंदूंचे, स्कोपचे 2048 × 858; म्हणजे स्कोपचे बिंदू एकोणीस टक्के कमी. त्यात अनेक मल्टिप्लेक्सचे पडदे 1.85च्याच आकाराचे, म्हणजे तंबूचीच अडचण वातानुकूलित होऊन परत आली. 2024मध्ये ‘द ब्रुटलिस्ट’ने व्हिस्टाव्हिजन पुन्हा चर्चेत आणले, पण त्या मोठ्या निगेटिव्हचा तपशील अशा पडद्यावर कितीसा पोचणार?

तेव्हा औद्योगिक पट्ट्यातल्या चाकणहून शिफ्ट सुटल्यावर पिंपरीकडे सिनेमाला जाणाऱ्याने पोस्टरवरचे तंत्राचे नाव वाचण्यापेक्षा खेळ सुरू होताना पडद्याच्या कडा पाहाव्यात. दोन्ही बाजूंचे काळे कापड बाहेर सरकले तर स्कोपला त्याची जागा मिळाली. कापड जागचे न हलता वर-खाली काळ्या पट्ट्या उरल्या, तर पुढच्या वेळी चार रांगा पुढचे तिकीट काढावे.