नवी मुंबईतील महापालिका शाळा

नवी मुंबई महानगरपालिकेने चालविलेल्या शाळांची व्यवस्था. अमेरिकेप्रमाणे स्वतंत्र शालेय मंडळाची पद्धत महाराष्ट्रात नाही. महापालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचेच बंधनकारक कर्तव्य आहे. शहर मात्र महापालिकेच्या आधी वसले. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शहर वसविणाऱ्या सरकारी महामंडळाने नियोजित विभागांत शाळांसाठी भूखंड राखले व अनेक शिक्षणसंस्थांना दिले. घणसोली, करावे यांसारख्या मूळ गावांतील मुले मात्र ठाणे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकत. 1 जानेवारी 1992 रोजी महापालिकेचा कारभार सुरू झाल्यावर त्या शाळांची जबाबदारी तिच्याकडे आली. म्हणूनच या शाळांचा इतिहास शहराहून जुना, गावठाणांचा आहे, हे विसरता कामा नये.

दिव्यांग मुलांसाठी वाशीत शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र चालविणे हे महापालिकेचे सर्वांत मोलाचे काम म्हणावे लागेल. सीवूड्स व कोपरखैरणे येथे तिने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) अभ्यासक्रमाच्या शाळाही काढल्या. सीवूड्सची शाळा चालविण्यासाठी आकांक्षा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेचे सहकार्य घेतले. इमारत पालिकेची, अध्यापन संस्थेचे, अशी ही भागीदारी आहे.