बेक्कीचें घर : संत योहान बॉस्को यांची शेतवाडी व शाळा

देऊळ, शाळा अथवा वडिलोपार्जित घर राखावयाचें म्हणजे भिंती व छप्पर राखावयाचें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे, हें संत योहान बॉस्को यांच्या घराच्या इतिहासावरून आम्हांस दिसून आलें. म्हणून महोत्सवाच्या या अंकांत तो वाचकांपुढें ठेवीत आहों. माटुंग्याच्या शाळेमुळें डॉन बॉस्को हें नांव आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे; परंतु त्यांच्या घराची हकीकत फार थोड्यांस ठाऊक असेल.

इटालींतील पिएमोंत प्रांतांत, तुरीन शहराच्या पूर्वेस, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांवर बेक्की नांवाची लहानशी वाडी आहे. तेथें बिल्योने नांवाच्या सधन कुटुंबाची शेती होती. तिची लागवड व देखभाल फ्रान्चेस्को बॉस्को पाहात असे व मालकाच्याच आवारांत राहात असे. १६ ऑगस्ट १८१५ रोजीं योहान यांचा जन्म झाला. १८१७ च्या आरंभीं फ्रान्चेस्कोनें शेजारींच गोठा व गवताचा माळा असलेली एक हलकी इमारत विकत घेतली. परंतु त्याच वर्षींच्या मे महिन्यांत, शेतांतून घामाघूम होऊन थंड तळघरांत गेल्याचें निमित्त होऊन, फुप्फुसदाहानें तो वारला. त्याचें वय अवघें ३३ वर्षांचें होतें. दुष्काळाच्या त्या वर्षीं त्याची विधवा मार्गारिता हिनें ती इमारत राहाण्याजोगी करून घेतली आणि वृद्ध सासू, सावत्र मुलगा आन्तोनियो व स्वतःचे दोन मुलगे यांसह तेथें बिऱ्हाड केलें. या घराचा पहिला जीर्णोद्धार असा एका गरीब विधवेच्या हातून झाला.

मार्गारितेस लिहितां वाचतां येत नव्हतें. तथापि प्रार्थना व धर्मशिक्षण मुलांनीं तिच्याच तोंडून घेतलें. अक्षरओळखीसाठीं योहान तिच्या माहेरगांवीं, काप्रील्यो येथें, फादर लाक्वा यांच्या शाळेंत जाऊं लागला. तेंहि केवळ हिंवाळ्यांत, कारण उन्हाळ्यांत शेतावर हात हवे असत. शेतकऱ्याच्या पोरास पुस्तक कशाला, असा आन्तोनियोचा आक्षेप होता. घरांतील कलह वाढला, तेव्हां मातेनें योहानास मोंकुक्को गांवच्या मोल्या कुटुंबाच्या शेतावर चाकरीस धाडिलें. १८२९ सालीं वृद्ध फादर कालोस्सो यांनीं त्यास लॅटिन शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें शिक्षणाची वाट पुन्हा मोकळी झाली.

१८४१ सालीं धर्मगुरु झाल्यावरहि डॉन बॉस्को बेक्कीस विसरले नाहींत. शरद ऋतूंत ते तुरीनमधील मुलांस तेथें घेऊन येत. समोरच भाऊ जुझेप्पे यानें घर बांधिलें होतें. त्यांत त्यांनीं १८४८ सालीं जपमाळेच्या राणीचें प्रार्थनामंदिर केलें. बेक्कीसच २ ऑक्टोबर १८५४ रोजीं बाल दोमिनिक साव्हियो त्यांस प्रथम भेटला.

१९३४ सालीं ते संत म्हणून घोषित झाले. सेलेशियन धर्मगुरूंनीं ती झोंपडी जपली, जवळच मुलांसाठीं धंदेशिक्षणाची शाळा काढिली, व जुन्या शेतकरी जीवनाचीं अवजारें संग्रहालयांत मांडिलीं. संतांचा जन्म त्या झोंपडींतच झाला, अशा श्रद्धेनें यात्रेकरू तेथें येत असत. बिल्योने यांचें जुनें घर मात्र १९५० नंतरच्या दशकांत पाडण्यांत आलें, व त्या जागीं डॉन बॉस्को यांच्या नांवें भव्य देऊळ उभें राहिलें. त्याचा पाया १९६१ सालीं घातला गेला. पुढें १९७० नंतर संशोधकांनीं जुने दस्तऐवज तपासले, तेव्हां असें आढळलें कीं, बॉस्को कुटुंब १८१५ सालीं बिल्योने यांच्या घरींच राहात होतें. म्हणजे जन्मघर पडल्यावर तें जन्मघर होतें असें कळलें! आज देवळाची जागाच तेवढी त्याची खूण राहिली आहे.

यांत कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. बेक्कीस कागद शाबूत होते. ते वेळेवर वाचले गेले नाहींत, इतकेंच. आपल्या धर्मग्रामांतहि बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या, जमिनीचीं खरेदीखतें, शाळेचे हजेरीपट आणि घरोघरच्या पेट्यांतील पिवळीं पत्रें आहेत. नवी वास्तु बांधण्यापूर्वीं व जुनी पाडण्यापूर्वीं तीं उघडून वाचावींत, आणि वृद्ध माणसें हयात आहेत तोंच त्यांस विचारून घ्यावें, एवढीच आमची वाचकांस नम्र विनंति आहे.